नीलकवच दुसऱ्या चॅनलवर गेला

साडेसात वाजले की यादोरावाच्या घरात भांडंसुद्धा वाजलेलं चालत नसे. घरात माणसं तरी किती? एक तो आणि एक त्याची बायको आनंदाबाई. तरी हा गडी टीव्हीसमोर खाट ओढून बसायचा आणि चुलीपुढं टीव्हीकडं पाठ करून बसलेल्या बायकोला मान न वळवताच म्हणायचा, "भांडे नको वाजवू वं, नीलकवच सुरू होऊन राहिला."

आनंदाबाई वरणाची पळी हळूच ठेवून द्यायची.  यादोरावाच्या मते तिला मालिकेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पाठ करून बसणाऱ्या बाईला काय कळणार, असं त्याचं म्हणणं.

आता सांगा, साठी उलटलेला माणूस, सिहोऱ्याच्या पुढं तलावाच्या पाळीखाली धानाच्या बांध्या कसणारा, आणि वेड कशाचं, तर निळं चिलखत घालून आभाळात उडणाऱ्या हिरोचं! गावात पोरंटोरं हसायची. हसू द्या. मालिकेपायी यादोरावानं लोकांच्या हसण्याची पर्वा कधी केली नाही; ती त्यानं केली भलत्याच ठिकाणी, आणि तेच त्याला पुढं नडलं.

मालिका तशी साधी होती. नीलकवच म्हणजे दिवसभर विजेच्या खांबावर चढणारा एक लाइनमन. कुणावर संकट आलं की कवच चढवायचा आणि उडायचा. त्याचा वैरी एक मुखवटेवाला. दर वेळी नीलकवच जिंकायच्या बेतात आला की मुखवटेवाला मधे यायचा, पण त्याला जिवे मात्र कधी मारायचा नाही. मुखवट्यामागं कोण आहे, हे वर्षानुवर्षं कुणाला कळलं नव्हतं.

हे वेड लावलं होतं डिंपलनं. एकुलती एक पोरगी. लहानपणी आईची निळी ओढणी खांद्याला बांधून ती बापाच्या खाटेवरून उड्या मारायची. तलावावरून घरी आला की यादोराव नीलकवचसारखा दारावर दोनदा ठकठक करायचा, आणि ती आतून ओरडायची, "कोन आहे? माणूस का वीर?" "वीर," हा म्हणायचा. मग दार उघडायचं. पोरगी कॉलेजात जायला लागली तरी हा खेळ सुटला नव्हता.

मग डिंपलनं वरठीच्या कैलाशशी लग्न केलं. कैलाश कारखान्यात कामाला जाणारा, सरळ पोरगा. पण जात दुसरी. घरी विचारलं असतं तर बाप हो म्हणाला नसता, म्हणून तिनं विचारलंच नाही. भंडाऱ्याला जाऊन सह्या केल्या आणि तिकडूनच गावात फोन करून निरोप दिला.

यादोराव निरोप ऐकून उठला तो सरळ तलावावर गेला. सारा गाव पाहत होता. त्यानं कपड्यांसकट पाण्यात तीन बुड्या मारल्या. पोरीच्या नावानं आंघोळ केली. म्हणजे पोरगी मेली, सुतक फिटलं, विषय संपला. ओल्या धोतरानं घरी आला आणि म्हणाला, "या घरात तिचं नाव घ्याचं नाही." आनंदाबाईनं त्याला कोरडं धोतर दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते पाहायला हा थांबला कुठं?

आंघोळ केली म्हणजे केली. यादोराव हेक्याचा पक्का. पण रोज साडेसात वाजायचे त्याचं काय करणार? खाट तीच, मालिका तीच, आणि शेजारची जागा रिकामी. नीलकवच विहिरीत पडला की हा "अरे!" करून बाजूला पाहायचा आणि बाजूला उशी असायची. माणसाच्या काळजाला असं रोज बोचत राहिलं तर तो काय करील? चिडचिड करील. यादोराव चिडचिड करायचा. वरणात मीठ जास्त, चहात साखर कमी, वीज गेली की कंदिलाची काच काळी.

आनंदाबाई मात्र पोरीला फोन करत होती. चोरून नव्हे. ती नवऱ्याला घाबरत होती, पण तेवढी नाही. घरात रेंज येत नसे. घरामागं सांदवाडीत, म्हणजे परसात, भाजीपाला लावलेला, तिथं कोपऱ्यातल्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाखाली उभं राहिलं तरच आवाज लागायचा. मालिका संपली की ती बटणाचा फोन घेऊन मुनग्याखाली जायची. यादोराव आतून कान देऊन बसायचा. ऐकू काही यायचं नाही.

एके दिवशी मालिकेत ठाणेदार मेला. डिंपल नेहमी म्हणायची की ठाणेदारच मुखवटेवाला आहे. यादोराव भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "काही लोकांले वाटे ठानेदारच मुखवटेवाला म्हनून. पाहा म्हना आता. ठानेदार तर मेला."

आनंदाबाई फोन घेऊन निघाली होती, ती थबकली. "सांगू का तिले?"

"मी कोनाले सांग नाही म्हटलं. कोनाले नको सांगू, असंबी नाही म्हटलं. मालिकेचं बोलनं म्हनजे काही बोलनं नाही होय."

आनंदाबाई मुनग्याखाली गेली. बऱ्याच वेळानं आली. हात पदराला पुसत म्हणाली, "ती म्हनते, ठानेदार मेला तर त्याची लाश कोनं पाहिली? लाश दाखवल्याबिगर मालिकेत कोनी मरत नाही म्हना बाबाले."

यादोरावानं मांडीवर थाप मारली. "वा रे वा! डोकं माह्यावर गेलं!" म्हणाला आणि मग जीभ चावली. पण त्या दिवशी त्यानं वरणाला नावं ठेवली नाहीत.

झालं. तेव्हापासून रोजचा शिरस्ता पडला. मालिका संपली की हा भिंतीला काही तरी सांगायचा, आनंदाबाई ते मुनग्याखाली न्यायची, आणि तिकडचं उत्तर घेऊन यायची. कधी हा म्हणायचा, "सांग, तो डाक्तर फितूर आहे." उत्तर यायचं, "डाक्तर भित्रा आहे, फितूर नाही. भित्र्याले बाबा नेहमी फितूर म्हनते." हा गालात हसायचा. कधी वाद एवढा रंगायचा की आनंदाबाईला तीन-तीन खेपा व्हायच्या. चिखलात, थंडीत, अंधारात काठी आपटत ती जायची-यायची. "पाय दुखून राहिले माहे," ती म्हणायची. "तुह्यानं एवढं होत नाही का?" हा म्हणायचा. तिच्या पायाचं त्याला काय! त्याची पोरगी त्याच्याशी भांडत होती, बस. आणि आंघोळही मोडत नव्हती.

गेल्या पावसाळ्यात एक उत्तर असं आलं की यादोराव खाटेवरून उठून बसला.

"ती म्हनते, मुखवट्यामागं नीलकवचची मायच आहे."

"माय?" यादोराव हसत सुटला. "ती बिचारी तर घरात दिवा लावून पोराची वाट पाहात बसते! ती काय लढन?"

आनंदाबाई पुन्हा मुनग्याखाली जाऊन आली. "ती म्हनते, म्हनूनच. दिवा लावून बसलेल्या बाईवर कोनाची नजर जाते?"

"खुळी झाली का? पोराच्या विरोधात माय कायले लढन?"

"विरोधात नाही," आनंदाबाई म्हणाली. मग जराशानं म्हणाली, "म्हनजे ती असं म्हनते. पोरगं मराले निघते तवाच मुखवटेवाला आडवा येते. पाहा म्हने नीट."

यादोराव काही ऐकेना. शर्तीवर आला. आणि आनंदाबाईनं शर्तही आणली तिकडून. माय निघाली नाही तर डिंपल पुन्हा कधी मालिकेत तोंड घालणार नाही. पण माय निघाली, तर बाबानं स्वतः फोनवर यायचं आणि स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, हरलो.

 आनंदाबाई दाराची चौकट धरून उभी होती. बाहेरच्या अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता.

"मंजूर," तो शेवटी म्हणाला. "मर्दाची जबान आहे."

तेव्हापासून यादोरावाचा जीव टांगणीला लागला. वरवर तो म्हणायचा, माय निघणं शक्यच नाही. आणि आतून? आतून हा गडी देवाला हात जोडत होता की बाप्पा, मायच निघू दे. हरल्याशिवाय त्याला पोरीशी बोलता येत नव्हतं. माघार घ्यायची तर गावापुढं आंघोळ केलेली. पण शर्त हरला तर बोलावंच लागेल, त्याला कोण काय म्हणणार? असा हा शहाणा माणूस. पोरीशी दोन शब्द बोलायला त्याला आभाळातून उडणारा हिरो लागत होता.

आणि अशात, दिवाळीच्या तोंडावर, पडद्याच्या तळाला पिवळी पट्टी धावायला लागली. 'नीलकवच' हे चॅनल सोडून चालला होता. काही महिन्यांनी नव्या चॅनलवर दिसेल म्हणे. आणि ते चॅनल होतं पैशाचं. यादोरावाच्या घरावरची डिशची छत्री फुकटवाली. तिच्यावर ते लागणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच यादोराव सिहोऱ्याला धनंजयच्या दुकानात. धनंजय छत्र्या बसवायचा, डबे दुरुस्त करायचा.

"काहून सोडलं त्यायनं चॅनल? काय भांडन झालं?"

"मले काय माहीत काका? मोठ्या लोकायचे धंदे ते."

"हिरो तोच राहीन का?"

"बदलन म्हनते. त्यानं सोडलं काम."

"आवाज?"

"हिरो बदलला तर आवाजबी बदलनच ना."

यादोरावाचं तोंड पडलं. "आन कहानी? कहानी तर पुढं नेतीन ना? का पुन्हा पहिल्यापासून सुरू करतीन? मुखवटेवाल्याचं राहून तर नाही जाईन?"

धनंजय हसायला लागला. "काका, एवढी काळजी पोरीच्या लग्नाचीबी—" बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं जीभ आवरली. यादोराव दुकानातून तसाच बाहेर पडला. बसमध्ये त्याला कोणी नमस्कार केला तरी त्यानं पाहिलं नाही.

घरी आनंदाबाई दारातच उभी. "मुखवटा तर काढतीन ना वो नव्या ठिकानी?"

"तुले कायची एवढी घाई?" हा खेकसला.

जुन्या चॅनलवरचा शेवटचा भाग लागला, त्या दिवशी आनंदाबाईनं चूल लवकर विझवली. पडद्यावर वादळ, विजा. नीलकवचनं मुखवटेवाल्याचा हात धरला. मुखवट्याला बोटं लागली. कड वर उचलली. हनुवटी दिसली, न दिसली, आणि खाली अक्षरं आली, पुढचं नव्या चॅनलवर पाहा. यादोरावानं टीव्हीला अशा शिव्या दिल्या की शेजारची कलाबाई कुंपणावरून डोकावली. आनंदाबाई मात्र चुलीपाशी तशीच बसून होती. त्या दिवशी ती मुनग्याखाली गेली आणि लवकर परत आली.

मग धान कापून झालं, मंडईची जत्रा आली. मंडईला गावोगावच्या लेकी माहेरी येतात. घराघरात पोरीबाळी, जावई, आरडाओरडा. यादोरावाच्या अंगणात मात्र कोंबड्या तेवढ्या.

"बोलावू का तिले?" आनंदाबाईनं विचारलं.

"आंघोळ केली आहे मी."

"मंग फोनवर तरी एक शब्द बोला. धान कसं झालं ते सांगा. तलावात पानी किती आहे ते सांगा. एक डाव खरं काही बोला तिच्यासंगं."

"कायले? ती मेली माह्यासाठी."

"मेलेल्या पोरीसंगं मालिकेचं बोलता, ते चालते तुमाले?"

यादोरावानं टीव्हीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "मालिका सुरू होऊ दे नव्या ठिकानी. माय निघाली तर बोलन. जबान देली आहे."

"आन सुरूच नाही झाली तर? आता माह्यानं नाही होत हे जानं-येनं."

"पाय दुखते का?"

आनंदाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हो," ती म्हणाली, "पायच दुखते."

माघात एका सकाळी ती अंगणात सडा टाकता टाकता खाली बसली, ती उठलीच नाही. दवाखान्याची गाडी आली तोवर सारं आटोपलं होतं. बादली तशीच राहिली, अर्धं अंगण ओलं आणि अर्धं कोरडं.

दुपारी डिंपल आली, कैलाशच्या गाडीवर. आईला पाहून ती दारातच कोसळली. बायकांनी धरून तिला जवळ नेलं. मग एकेकानं आनंदाबाईच्या तोंडात पाणी घालायची वेळ आली. डिंपल तांब्या घेऊन पुढं झाली, तसा भाऊबंदातला एक म्हातारा म्हणाला, "जिच्या नावानं आंघोळ झाली, तिच्या हातचं पानी कसं चालंन?"

सारे यादोरावाकडं पाहायला लागले.

एक शब्द. 'दे.' एवढंच म्हणायचं होतं त्याला. म्हाताऱ्यानं काही कुऱ्हाड उचलली नव्हती. गाव काही वाळीत टाकणार नव्हतं; अर्धं गाव तर डोळ्यांना पदर लावून मनात म्हणतच होतं, म्हण रे बाबा, दे म्हण. डिंपलनंही त्याच्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत भीती नव्हती, राग नव्हता. आत्ता बाप हो म्हणेल अशी खात्रीच होती तिला. त्या नजरेचा अर्थ यादोरावाला लागेना. एवढी खात्री हिनं आणली कुठून?

त्यानं तोंड उघडलं. पण इतकी वर्षं त्याचा प्रत्येक शब्द आनंदाबाई घेऊन गेली होती, आणि ती तर समोर जमिनीवर निजली होती. आता शब्द न्यायचा कोणी? त्याची मान खाली गेली. ती वर आलीच नाही.

डिंपलनं तांब्या चौकटीपाशी ठेवला. आवाज न करता ठेवला.

क्रियाकर्म झाल्यावर सारी माणसं तलावावर गेली. डिंपल मागं, एकटी, लांबच्या टोकाला पाण्यात उतरली. ज्या पाण्यात बापानं तिच्या नावानं आंघोळ केली होती, त्याच पाण्यात तिनं आईच्या नावानं केली. मग ओल्याच कपड्यांनी गाडीवर बसून वरठीला निघून गेली. यादोराव पाळीवर उभा राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहत होता. त्याला हाक मारावीशी वाटत होती. 

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. कलाबाई ताट आणून द्यायची, तो अर्धं खायचा. आनंदाबाईचा फोन त्यानं न चुकता चार्जिंगला लावून ठेवला. घरात रेंज नाही, तो वाजणार कुठून?

होळीच्या आधी धनंजय आपणहून आला. नवीन डबा घेऊन.

"मी कवा सांगितलं होतं?" यादोराव म्हणाला.

"काकूनं सांगून ठेवलं होतं. मालिका सुरू व्हाच्या आधी लावून देजो म्हने. इसरू नको म्हने, बहुत जरुरी आहे." धनंजयनं तारा जोडल्या आणि चहा न पिताच गेला.

नीलकवच नव्या चॅनलवर आला, आणि यादोरावाला तो मुळीच आवडला नाही. नवा हिरो गोरापान, खांबावर चढलेला कधी वाटेना. कवच चमचम करायचं. आवाज तर असा की जणू साबणाची जाहिरात. "सत्यानाश केला लेकायनं," तो म्हणायचा. तरी रोज खाट ओढून बसायचा. एकदा सवयीनं बोलून गेला, "भांडे नको वाजवू वं." मग त्या दिवशी त्याला पडद्यावरचं काही दिसलं नाही.

आणि एका संध्याकाळी मुखवटा निघाला.

वादळ तेच, विजा त्याच. नीलकवचनं मुखवटा ओढला आणि मागं पांढरे केस, कपाळावर कुंकू. माय. दिवा लावून बसणारी माय! पोराला मरू द्यायचं नाही म्हणून ती दोन्हीकडून लढत होती आणि दोन्हीकडून बोलणी खात होती.

यादोराव टुणकन उठला. "हरलो!" तो ओरडला. "अवं, हरलो मी! सांग तिले, मायच निघाली!" आणि चुलीकडं वळला.

चूल थंड होती.

 त्यानं फोन उचलला आणि सांदवाडीत मुनग्याखाली गेला. हिरवं बटण दोनदा दाबलं की शेवटचा नंबर लागतो, हे त्यानं बायकोला करताना पाहिलं होतं. त्यानंही तसंच दाबलं. जबान दिली होती आणि तो हरला होता. आता कोणी अडवू शकत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला हलकं हलकं वाटत होतं.

"आई?" तिकडून आवाज आला. फोनवर आईचं नाव पाहून पोरीच्या तोंडून निघून गेलं असणार. 

"हरलो मी," यादोराव म्हणाला. "माह्या तोंडानं म्हनून राहिलो. मुखवट्यामागं मायच निघाली. तुहंच खरं होतं."

"बाबा?" डिंपलचा आवाज चिरकला. "काय म्हनून राहिले बाबा? कोनती माय?"

"नीलकवचची! तू म्हटलं होतं ना. शर्त लावली होती तूनं."

"मी कवा लावली? बाबा, लगन झाल्यापासून मी नीलकवच पाहिलाच नाही. इथं टीव्ही सासूपाशी राहते, तिचे भजनाचे कार्यक्रम चालते. मले तर वाटे, ती मालिका कवाची बंद झाली."

यादोरावानं मुनग्याचं खोड धरलं. "मंग तू आन तुही माय रोज काय बोला?"

"तुमचंच." ती रडायला लागली होती. "आई म्हने, बाबानं विचारलं, पोरगी जेवली का. मी म्हनो, जेवली म्हना. रोज तेच. बाबाचा राग उतरून राहिला म्हने, धीर धर, एक दिवस स्वतःच फोनवर येतीन."

ठाणेदाराची लाश कोणी पाहिली, हे कोण म्हणालं होतं? डॉक्टर भित्रा आहे, फितूर नाही, हे कोणाला कळलं होतं? दिवा लावून बसलेल्या बाईवर कोणाची नजर जाते, असं चौकट धरून कोण बोललं होतं? चुलीपुढं पाठ करून बसलेल्या त्या बाईनं एकूण एक भाग ऐकला होता. इतकी वर्षं तो जिच्याशी भांडला, जिच्या डोक्याला वा रे वा म्हणाला, जिच्यासाठी साडेसातची वाट पाहिली, ती चार पावलांवर बसून भात शिजवत होती. आणि त्यानं तिला काय दिलं? भांडे नको वाजवू. तुह्यानं एवढं होत नाही का?

"बाबा," डिंपल म्हणाली. "तुमी रोज विचारत होते ना मी जेवली का म्हनून? मंग त्या दिवशी आईले पानी काहून नाही देऊ देल्लं?"

यादोरावाच्या ओठांवर खरं आलं होतं, की मी कधीच विचारलं नाही गं. एकदाही नाही. पण ते बोललं असतं तर आनंदाबाई खोटी पडली असती, आणि पोरीपाशी बापाचं जे काही थोडं शिल्लक होतं तेही गेलं असतं. आणि विचारत होतो म्हणावं, तर मग पाणी का अडवलं?  हे दोन्ही सांभाळून नेणारी एकच बाई होती.

"बाबा, आहे का?"

"आहे."   मग बायकोनं त्याच्या नावावर रोज खपवलेला, तोच एक प्रश्न त्याला सापडला.

"जेवली का?" त्यानं विचारलं.

तिकडं नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं.

"जेवली म्हना," डिंपल म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

यादोरावानं फोन खिशात टाकला. मग पायाखालचं चाचपत घराकडं आला. मागच्या दारापाशी चपला काढल्या. टीव्ही चालूच होता, जाहिराती लागल्या होत्या. त्यानं तो बंद केला आणि चुलीपुढच्या रिकाम्या पाटाकडं पाहिलं.

"जेवली म्हनते वं," तो म्हणाला, आणि पाटाशेजारी जमिनीवर बसला.